मशीनची आंघोळ

दोन सप्टेंबर १९९६, सोमवार. रक्कम अठ्ठावीस हजार रुपये, रोख. हजर चौघे: मी, माझी बायको, तिचा थोरला भाऊ आणि विकणारा कंत्राटदार. सोमवारी उद्यमनगराला, म्हणजे शहरातल्या कारखान्यांच्या भागाला, सुट्टी असते, गर्दी नसते, म्हणून वार तो धरला होता. एका बंद शेडच्या दारात आम्ही डिझेल इंजिनावर चालणारं जुनं वेल्डिंग मशीन विकत घेतलं. चौदा हजार माझे, चौदा हजार मेव्हण्यांचे.

ज्यांनी असं मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर एका अंगाला दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि दुसऱ्या अंगाला पाण्याच्या हंड्याएवढ्या घेराचा, पण आडवा आणि लांब डायनॅमो. इंजिन डायनॅमोला फिरवतं आणि डायनॅमो वेल्डिंगचा करंट देतो. विजेच्या तारेची गरज नाही. ट्रॅक्टरला जोडायचं, उसाच्या फडात, ओढ्यात, माळावर कुठंही न्यायचं, हँडल मारायचं आणि कामाला लागायचं.

मी तोवर अकरा वर्षं एका कारखान्यात वेल्डर होतो. पगार दोन हजार तीनशे पन्नास. काम चांगलं होतं आणि मालकही वाईट नव्हता. पण त्या वर्षांत नदीकाठच्या गावागावांत शेतकरी पाणीपुरवठा संस्था काढत होते. नदीवर मोटारी बसवायच्या आणि लोखंडी पाइपातून पाणी वरच्या रानात न्यायचं. पाइपलाइन जाते तिथं वीज नसते, असली तर दिवसातून चारदा जाते. पाइप जोडायला इंजिनाचंच मशीन लागतं आणि ते आणायला लोक जयसिंगपूरपर्यंत जात होते. मी कागदावर आकडेमोड केली, बायकोला दाखवली. तिनं एकच विचारलं, "काम न्हाई मिळालं तर?"

मी मालकाकडं गेलो. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुझी जागा रिकामी ठेवतो. त्याच्या पुढं माणूस घेणार. मग माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत."

म्हणजे दिवाळीपर्यंत मशीननं स्वतःला सिद्ध करायचं, नाहीतर मी परत कारखान्यात आणि मशीन भंगाराच्या भावात. माझ्यापुढं सरळ एवढंच होतं.

मेव्हणे गडमुडशिंगीचे, शेतकरी. मशीन त्यांच्याच शेडात ठेवलं, कारण आमच्या शहरातल्या दोन खोल्यांसमोर सायकल लावायलाही भांडण व्हायचं. इंजिनाची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त. विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी पंधरा वर्षं चालवलेलं. ठरलं असं की वेल्डिंग मी करायचं आणि इंजिन त्यांनी सांभाळायचं.

ते मला दाजी म्हणत आणि मी त्यांना पावणं. वयानं ते सहा वर्षांनी मोठे, पण बहिणीच्या नवऱ्याचा मान म्हणून पाट मला आणि पोतं त्यांना, असं त्यांच्या घरी चालायचं. कामावर मात्र ते मला सरळ शिव्या घालत.

पहिला महिना किरकोळ कामांत गेला. ट्रॉलीचा हुक, एक गेट, गोबरगॅसच्या टाकीचं झाकण. पैसे थोडे, पण त्या कामांतून आमची बोली बसली. इंजिन चालू असताना चार हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही आणि काच तोंडावर घेतली की वेल्डर आंधळाच. शिवाय इंजिन कायम जोरात ठेवलं तर डिझेल वाया जातं. रॉड टेकवताना रेस वाढवायची, रॉड संपला की कमी करायची. मग आम्ही ठरवलं की मी हातोडीनं लोखंडावर दोनदा ठोकलं की वाढवायची, एकदा ठोकलं की उतरवायची. मेव्हणे लोखंडावर एक हात ठेवून बसत आणि ठोका कानानं न ऐकता हातानं ओळखत.

"दाजी, तुमच्यापेक्षा तुमची हातुडी बरं बोलती," ते म्हणायचे. "उलटं उत्तर देत न्हाई."

सप्टेंबरच्या शेवटी मोठं काम मिळालं. नदीपलीकडच्या एका गावाची नवी पाणीपुरवठा संस्था, बारा इंची पाइप, लांबी तीन हजार फूट. वीस फुटांचा एक पाइप, म्हणजे दीडशे सांधे. सांध्याला एकशे दहा रुपये. रॉड, डिझेल आणि माणसं आमची. चर खणून तयार होता. संस्थेचे सेक्रेटरी सडेतोड गृहस्थ.

"दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन चरावर दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "न्हाई दिसलं तर दुपारी मी जयसिंगपूरला फोन लावतो. उसाच्या लागणीचा हंगाम माझ्यासाठी थांबत न्हाई, तुमच्यासाठीबी थांबणार न्हाई."

मी होय म्हणून आलो. एवढं काम वेळेत झालं तर मालकांची जागा मालकांना लखलाभ, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी स्पष्ट म्हणालो.

खंडेनवमीच्या सकाळी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी आणि बायको झेंडूची फुलं, नारळ आणि पेढे घेऊन सायकलीवरून गडमुडशिंगीला गेलो. हत्यारांची पूजा मेव्हण्यांच्या शेडातच करायची होती. शेडाच्या दारातच मेव्हणे उभे होते. नवं धोतर, डोक्याला फेटा, चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसासारखा तोरा.

"या दाजी. बघा, नवरीगत दिसतंय का न्हाय?"

मशीन खरंच चकाकत होतं. महिनाभराचं काळं तेल, धूळ, वंगणाचे थर काही शिल्लक नव्हतं. गाड्याच्या चाकांना गेरू, इंजिनावर हळदीकुंकवाची बोटं. मला इतका आनंद झाला की पहिलं मिनिटभर माझं कशाकडंच नीट लक्ष गेलं नाही.

"कवा केलं हे सगळं?"

"काल सांजच्याला. ट्रॅक्टरनं विहिरीवर नेलं. मोटर चालू केली आन् पायपाखाली उभं केलं. सोडा टाकला, नारळाच्या शेंडीनं घासलं. बेंदराला बैलं धुतो तसं धुतलंय. पोटाखालनंसुदिक."

मी वाकून पाहिलं. डायनॅमोच्या खालच्या जाळीतून थेंब पडत होते. खाली मातीत ओला गोल उमटला होता. रात्रभर गळूनही आत पाणी शिल्लक होतं.

विहिरीवरचं ऑइल इंजिन पाइपाखाली धरलं तरी त्याला काही होत नाही. पंधरा वर्षं मेव्हण्यांनी तेच केलं होतं. त्यांच्या लेखी हेही इंजिनच, शेजारी एक लोखंडी पिंप जास्त. पण त्या पिंपाच्या पोटात तांब्याच्या तारांचं वेटोळं असतं आणि तारांवरचा वार्निशचा थर ओला असताना मशीन फिरवलं तर तार जळते.

मी तोंड उघडायच्या आत ते इंजिनाकडं वळले आणि हँडल उचललं. "पूजेच्या आदी एकदा आवाज ऐकूया."

"दादा!" बायको ओरडली. "खाली ठेव ते. आज हत्यार चालवत्यात व्हय? वर्षातनं एक दिवस त्याला इसावा असतोय, तोबी देऊ नकोस."

"आगं एकदाच..."

"एकदाबी न्हाई."

मेव्हण्यांनी हँडल खाली ठेवलं. तिला डायनॅमोतलं काही माहीत नव्हतं. ती फक्त रीत पाळत होती. ती बोलली नसती तर मी ओरडेपर्यंत इंजिन सुरू झालं असतं.

मग मी सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं, तरी आवाज चढला असावा, कारण शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मेव्हणे ऐकत राहिले. फेटा काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

"म्हंजे बुडवलं म्हणा की मी."

बायकोनं नारळ वाढवला, पूजा केली आणि सगळ्यांना पेढा दिला. तो पेढा मी हातातच धरून बसलो होतो.

दुपारी मी सायकल काढून उद्यमनगरातल्या मोटारी रिवायंडिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या घरी गेलो. म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार भरणारा माणूस. दुकान बंद, कामगार सुट्टीवर, तो स्वतः जेवून आडवा झालेला. त्यानं उशीवरूनच विचारलं, "फिरवलं काय?"

"न्हाई."

तेव्हा तो उठून बसला. "मग तुझं नशीब चांगलं हाय. फिरवलं असतंस तर नऊ हजार रुपये आन् तीन आठवडं." त्यानं काय करायचं ते सांगितलं. डायनॅमो खोलायचा, आतला फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, बाहेर काढायचा. दोन्ही भाग मंद उष्णतेवर वाळवायचे. हात ठेवता येईल इतपतच गरम, त्याच्या वर गेलं तर वार्निश वितळेल. त्याची भट्टी तीन दिवस बंद होती आणि पेटवली असती तरी आमचं धूड तिच्यात मावलं नसतं. "दोन दिवस सलग ऊब पाहिजे," तो म्हणाला. "परवा संध्याकाळी मी मेगर घेऊन येतो. तो सांगेल तसं."

मेगर म्हणजे तारेवरचा थर शाबूत आहे का हे मोजायचं हँडलचं यंत्र. आकडा एकच्या वर आला तर मशीन चालवायचं, खाली राहिला तर नाही.

परत येताना मी मनात हिशेब करत होतो. शेगडी लावावी तर आच एका जागी लागणार. ऊन ऑक्टोबरचं, पण संध्याकाळी दव. बल्ब लावावेत तर गावात आठ तास वीज नाही. शेडात पोचलो तेव्हा भाऊ-बहीण दोन टोकांना बसले होते. मी अट सांगितली: दोन दिवस, एकसारखी ऊब, जाळ नको.

बायको चटकन म्हणाली, "गुऱ्हाळ."

"काय?"

"गुऱ्हाळाच्या धुराड्याची मागली भिंत. पावसात भिजलो की आमी ल्हान असताना तितं पाठ लावून बसायचो. कापडं वाळत घालायचो. चटका बसत न्हाई. व्हय का न्हाई रं दादा?"

मेव्हण्यांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर थोडा जीव आला. "व्हय की. आन् त्यांचं पेटलंय. तोडल्याला ऊस पडून हाय, दसऱ्यालाबी बंद ठेवणार न्हाईत."

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, पण खोलायला चालतं का, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. बायकोनं निकाल दिला की औषधपाण्याला दिवस बघत नाहीत. मी आणि मेव्हण्यांनी नट सोडवले. कुंपणाशी आलेल्या त्या दोघांना घेऊन चौघांनी मिळून, खाली फळी घालून, दोरानं आर्मेचर बाहेर ओढलं आणि पोत्यात गुंडाळून दोन्ही भाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवले.

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता. गुळव्या, म्हणजे रसाचा गूळ करणारा माणूस, मळी काढता काढता आमच्याकडं बघत होता.

"काय पावणं, ह्याचा रस काढायचा का गूळ करायचा?"

मेव्हणे म्हणाले, "ह्याला सर्दी झालीया. शेक द्यायचाय."

"मग आलं टाकून रस पाजा की."

गुऱ्हाळाच्या मालकांनी नियम दोनच घातले. चिपाडाच्या ढिगापासून लांब ठेवायचं आणि जाळ घालणाऱ्याच्या वाटेत यायचं नाही. आम्ही धुराड्याच्या मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर विटा मांडल्या आणि त्यांच्यावर दोन्ही भाग ठेवले. मी तळहात टेकवून पाहिलं. विटा दोनदा मागं सरकवल्या. मग ठीक वाटलं.

आर्मेचर थोड्या थोड्या वेळानं फिरवायला लागायचं, नाहीतर एकच बाजू वाळली असती. ते काम मेव्हण्यांनी कुणाला करू दिलं नाही. ते तिथंच बसून राहिले. जेवण बायकोनं तिथंच नेऊन दिलं. दसऱ्याच्या दुपारी मी त्यांच्याशेजारी बसलो असताना ते समोर बघत म्हणाले, "दाजी, माझं चौदा हजार गेलं असं समजा. तुमचं चौदा मी दोन उसाच्या बिलात फेडतो. तुमी कारखान्यावर जावा. तुमची जागा हाय अजून."

"उद्या आकडा बघू," मी म्हणालो. "आत्ता फिरवा, ही बाजू गरम झाली."

राग होता, नाही असं नाही. पण ज्या माणसानं पोटाखालनंसुद्धा नारळाच्या शेंडीनं घासलं, त्याला काय बोलणार? वाईट करायचं म्हणून एवढी मेहनत कोण करतं?

संध्याकाळी गावातली माणसं सोनं द्यायला निघाली. मेव्हणे घरी नाहीत म्हटल्यावर लोक गुऱ्हाळावरच आले. आपट्याची पानं हातात दिली, गळाभेट घेतली आणि प्रत्येकानं आर्मेचरकडं बघून एकच प्रश्न विचारला. एका म्हाताऱ्यानं एक पान त्याच्यावरही ठेवलं आणि म्हणाला, "सोन्यासारखं ऱ्हा बाबा." मेव्हणे हसले. मीही हसलो. ते पान नंतर मी उचलून बाजूला ठेवलं, कारण तारेच्या फटीत काही जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिवायंडिंगवाला मोटरसायकलवरून आला. त्यानं मेगरच्या दोन वायरी लावल्या आणि हँडल फिरवलं. काटा हलला, थोडा वर गेला आणि एकच्या अलीकडं थांबला. मेव्हण्यांनी माझ्याकडं बघितलं.

"गरम असताना कमी दाखवतो," तो म्हणाला. "भिंतीपासनं लांब घ्या. थंड होऊ दे."

आम्ही गरम रस पीत बसलो. गुळव्या मध्येच येऊन विचारून गेला, "ताप उतरला का?" तासाभरानं पुन्हा हँडल फिरवलं. काटा एक ओलांडून गेला आणि दोनच्या जवळ स्थिरावला. मग त्यानं दुसरा भाग मोजला. तोही वर.

"चालवा," तो वायरी गुंडाळत म्हणाला. "पण लगेच करंट मिळाला न्हाई तर घाबरू नका. खोलाखोलीत, ठोकाठोकीत लोखंडातलं चुंबक मरतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा एक झटका द्या. प्लस प्लसला, न्हाईतर उलटं होऊन बसेल." त्यानं कागदावर चित्र काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारपर्यंत मशीन जुळवलं. मेव्हणे हँडलला हात लावेनात.

"तुमी मारा."

"इंजिन तुमचं हाय पावणं. ठरलंय तसं."

बायको शेडाच्या दारात उभी होती. "मार की दादा. आज खंडेनवमी न्हाई."

त्यांनी हँडल मारलं. इंजिन दुसऱ्या झटक्यात चालू झालं. मी लोखंडी पट्टीवर रॉड टेकवला. काहीच नाही, थंड. मेव्हण्यांचा चेहरा पडला. कागद समोर धरून मी बॅटरीच्या वायरी डायनॅमोला टेकवल्या, टचकन ठिणगी उडाली. वायरी काढल्या, रॉड परत टेकवला. जाळ धरला. इंजिनाचा आवाज खाली गेला, जड झाला, जसा ओझं घेतल्यावर व्हायला पाहिजे तसा. मी काच वर केली नाही. हातोडीनं पट्टीवर दोनदा ठोकलं. रेस वाढली.

ठरलेल्या सकाळी सात वाजता मशीन चरावर उभं होतं. सेक्रेटरी आले, त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नवं घेतलंय व्हय? लै चकाचक हाय."

"धुतलंय," मेव्हणे म्हणाले आणि खाली चरात बघायला लागले.

दिवसाला सात-आठ सांधे व्हायचे. वरच्या अंगाचं वेल्डिंग सोपं. पाइपाच्या पोटाखालचं करताना चरात पाठीवर झोपावं लागे आणि ठिणग्या कॉलरीतून आत जात. मेव्हणे पाइपावर हात ठेवून वर बसलेले असायचे. दीडशेव्या सांध्यानंतर दोन्ही टोकं बंद करून पाइपात पाणी भरलं, दाब दिला. संस्थेची बारा माणसं चराच्या काठाकाठानं चालत गेली. तीन सांध्यांना पाझर होता. पाणी उतरवून तिन्ही पुन्हा केले. दुसऱ्या वेळी सगळी लाइन कोरडी राहिली. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. कारखान्याच्या मालकांना मी दिवाळीच्या आधीच जाऊन सांगितलं होतं की माणूस घ्या. त्यांनी चहा पाजला आणि पुढं दोन कामंही त्यांच्याच ओळखीनं मिळाली.

मशीन त्यानंतर अकरा वर्षं चाललं. दर खंडेनवमीला मेव्हणे ते कोरड्या फडक्यानं पुसत आणि पूजेला आलेल्या प्रत्येकाला तांब्या दारातच ठेवायला लावत.

संस्थेचं बिल सोळा हजार पाचशे. ते घेऊन आम्ही गडमुडशिंगीला मेव्हण्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो. रॉड तीन हजार, डिझेल एक हजार आठशे, हाताखालच्या दोन माणसांची मजुरी आणि ट्रॅक्टर दोन हजार चारशे, रिवायंडिंगवाल्याला तीनशे. गुऱ्हाळाच्या मालकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या काहिलीचा तुटलेला कान मी जोडून दिला. उरले नऊ हजार, ते निम्मे निम्मे केले. मेव्हण्यांनी त्यांच्याकडच्या नोटांतून एक हजार काढून माझ्याकडं सरकवले.

"हे धुण्याचं," ते म्हणाले.

मी नको म्हणालो, ते घ्या म्हणाले, नोटा चारदा इकडून तिकडं गेल्या. शेवटी बायकोनं आतून येऊन सगळ्या नोटा गोळा केल्या, पुन्हा मोजल्या आणि वाटल्या. साडेचार हजार मला आणि साडेचार हजार तिच्या भावाला.